देव्हाऱ्यातला होन

पहिल्याच दिवशी काकांनी मला सुट्टे पैसे कसे धरायचे ते शिकवलं.

त्र्याऐंशी साल असेल. मी मुलुंड पूर्वेला त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला आले होते. एका हातात वळकटी, दुसऱ्या मुठीत रिक्षावाल्याने परत दिलेली नाणी. दोन जिने चढून वर आले तर दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या मुठीकडे बोट दाखवून म्हणाले, "उघड." मी घाबरून उघडली. त्यांनी चिमटीत एक आठ आण्याचं नाणं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाले, "पोटाला हात लावायचा नाही. कड धरायची. माणसाच्या बोटाला घाम असतो, तेल असतं. कळलं?"

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अहो, तिला आधी घरात तर घ्या!"

त्या काकू. दोघांना मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांतली एक मला दिली होती, आणि तिथेही एका कोपऱ्यात काकांचं कपाट होतंच. मी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडून द्यायच्या कामाला होते. बाबा गिरणीत होते. गिरणी सुटल्यावर लालबागची खोली सोडून आईबाबा मालवणकडे गावी गेले आणि वर्षभरातच बाबा वारले. तेव्हापासून आई तिकडे एकटी आणि मी इकडे एकटी. त्यामुळे असं कुणी दारातच दरडावलं, तर मला बरंच वाटलं. घरचं माणूसच असं दरडावतं.

काका एका औषधांच्या कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. पण त्यांचा जीव होता जुन्या नाण्यांत. कपाटाचे दोन खण नाण्यांनी भरलेले. प्रत्येक नाणं कागदाच्या घडीत, घडीवर बारीक अक्षरात टिपण. सगळी तांब्याची, नाहीतर चांदीची. सोन्याचं एकही नव्हतं. पेन्शनीत सोनं कुठून येणार? पण त्यांना सगळ्यात जास्त माहिती होती ती सोन्याच्याच नाण्यांची. कुठलं किती उरलंय, कुणाच्या तिजोरीत आहे, कुठल्याला भोक पाडलंय, कुठल्याच्या कडेला किती ओरखडे आहेत, सगळं तोंडपाठ. बिनलग्नाच्या माणसाने अख्ख्या गावाच्या सोयरिकी पाठ कराव्यात, तसलाच प्रकार.

"नुसतं दुर्मिळ असून भागत नाही," ते जेवताना म्हणायचे. "अवस्था पाहिजे. जगात एकच उरलंय, पण गुळगुळीत झालंय, तर त्याला कुणी ओळखायचं?"

नाण्याच्या अवस्थेसाठी त्यांच्या नाणेसंग्राहक मंडळातले लोक इंग्रजी शब्द वापरत. काकांनी आपले स्वतःचे पाच शब्द केले होते. कोरं, बरं, फिरलेलं, दमलेलं आणि गेलेलं. हेच शब्द ते माणसांनाही लावायचे. मला म्हणाले, "तू अजून कोरी आहेस. नोकरीत दोन वर्षं काढ, मग बघू." दूधवाला भय्या दमलेला. तळमजल्यावरचे वकील गेलेले. काकूंबद्दल मात्र एकदा म्हणाले, "ही मुळात फार दुर्मिळ. मीच फिरवून फिरवून खराब केली." काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वरही बघितलं नाही. "आता कळलं होय?" एवढंच म्हणाल्या.

काकांना बाहेर घेऊन जाणं म्हणजे शिक्षा. बसमध्ये कंडक्टरने सुट्टे पुढे केले की हे एकेक नाणं कडेने उचलणार, दोन्ही बाजू बघणार, मग खिशात टाकणार. मागे रांग. एक कंडक्टर वैतागून ओरडला होता, "ओ काका, घ्या ना पटकन! विंचू नाय तो, चावत नाय!"

लग्नात तर काकू त्यांना पुरुषांच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसवत. कारण एकदा मुलुंडच्याच एका हॉलमध्ये नवरीच्या मावशीच्या गळ्यात जुनी पुतळ्यांची माळ होती, आणि काका खिशातलं भिंग काढून त्या बाईंच्या गळ्यापाशी वाकले. डावीकडून तिसरी पुतळी वेगळी आहे, असं ते सांगत होते तोपर्यंत मावशीच्या यजमानांनी त्यांची कॉलर धरली. काकू धावत आल्या. "अहो, सोडा त्यांना! त्यांना बाई दिसतच नाही हो, फक्त नाणं दिसतं. मी सांगते ना, पंचवीस वर्षं झाली लग्नाला!" सगळा हॉल हसला. काकूही हसल्या, पण घरी आल्यावर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

हे सगळं मी आधी मुद्दाम सांगते आहे, कारण काकांची गोष्ट सांगायला बसलं की माझं मन पुढच्या भागाकडे जायला तयार होत नाही.

काकांच्या मनात एक नाणं होतं. महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेला सोन्याचा होन. तांब्याच्या शिवराया ढिगाने सापडतात, काकांकडेच शंभरेक होत्या. होन मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरलेले. "बाकीचे गेले कुठे?" असं मी एकदा सहज विचारलं.

"सोन्याला शत्रू दोन," काका म्हणाले. "चोर आणि भक्त. चोर वितळवतो. भक्त रोज आंघोळ घालतो, चिंचेने घासतो, गंध लावतो, पुन्हा घासतो. शंभर वर्षांनी बघायला जा, अक्षर शिल्लक नसतं. आणि त्याच्यावर रागवायचीही सोय नाही."

घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ भरायचं. मी मुलुंडला येण्याच्या बऱ्याच आधी तिथे कुणीतरी विकायला म्हणून होन आणला होता. काकांनी तो हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हाच तो. मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. त्यांनी शांतपणे ते नाणं उभं धरलं आणि कडेवरची बारीक रेघ दाखवली. साच्यात ओतल्याची रेघ. खरं नाणं ठोकून पाडतात, ओतत नाहीत. म्हणजे हे बनावट होतं. जो माणूस येता-जाता प्रत्येकाला कड धरायला सांगायचा, त्याने कडच बघितली नव्हती! तेव्हापासून काका काहीही बोलले की मंडळातलं कुणीतरी विचारायचं, "कड बघितलीत ना?" काका मागच्या बाकावर बसायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे. मला हे काकूंनी सांगितलं. काकांनी कधीच नाही.

त्यात डोळे. मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जेवढी टिकेल तेवढी टिकवायची. काका दवाखान्यातून आले, कपाट उघडून त्याच्यासमोर बसले आणि काकूंना म्हणाले, "एक खरा होन या डोळ्यांनी बघायचा. आणि तो त्या लोकांच्या पुढ्यात ठेवायचा. एवढं झालं की डोळे गेले तरी चालतील."

"असं बोलू नये," काकू म्हणाल्या.

"चालतील," ते पुन्हा म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी आणि काकू तुरीची डाळ निवडत होतो. काका पलीकडे पेपर डोळ्यांशी धरून वाचत होते. बोलता बोलता मी म्हणाले, आमच्या गावच्या देव्हाऱ्यात एवढंसंच, या डाळीच्या चार दाण्यांएवढं एक सोन्याचं नाणं आहे. त्याला आम्ही देवीचा पैसा म्हणतो. पहिलीत अक्षरं यायला लागली, त्या सुट्टीत गावी गेल्यावर मी त्याच्यावरचं वाचायला गेले आणि देवीला बोट लावलं म्हणून आईचा मार खाल्ला.

पेपर खाली आला. "वाचायला? अक्षरं होती?"

"होती ना. पुसट होती."

"कुठली?"

"श्री असं..."

"थांब." काका उठून आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. "मी एक शब्द सांगणार नाही. तूच सांग. ओळी किती?"

मी डोळे मिटले. "तीन. वर श्री. मध्ये राजा. खाली शि का काहीतरी, ते नीट लागत नव्हतं."

"मागच्या बाजूला?"

"छत्र, असं अक्षरात. त्याच्या खालची ओळ अगदीच पुसट. आणि कडेने ठिपके."

काकांनी हात पुढे केला, ताटातली डाळ मुठीत घेतली आणि मूठ तशीच घट्ट धरून बसले. काकूंनी हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला तेव्हा फार आनंद झाला होता. आपल्या घरातल्या वस्तूने कुणाला एवढं व्हावं, याचाच आनंद.

त्याच संध्याकाळी अंतर्देशीय पत्र आणलं. काका सांगत होते, मी लिहीत होते. आईला सप्रेम नमस्कार. इथे काका म्हणून फार जाणते गृहस्थ आहेत, त्यांना देवीचा पैसा बघायचा आहे. त्यांचा हेतू विकण्याचा नाही, देवी परत आपल्याच देव्हाऱ्यात जाईल. महिनाअखेरीच्या रविवारच्या आत घेऊन ये. मग काका म्हणाले, "आता नीट लिही. तोपर्यंत नाणं धुऊ नये, घासू नये, पुसूसुद्धा नये. आहे तसंच कापसात ठेवावं. खाली रेघ मार."

मी मान हलवली आणि ते वाक्य लिहिलं नाही.

का लिहिलं नाही, ते नीट सांगते. आमच्या घरात आई रोज सकाळी देव धुवायची. ताप असला तरी धुवायची. बाबा गेले तेव्हाही बारावा झाल्यावर तिने पहिलं काम तेच केलं. तिला, तिच्या लेकीने, मुंबईच्या कुणा गृहस्थाच्या सांगण्यावरून, पंधरा दिवस देवीला पाणी लावू नकोस, असं लिहायचं? तिला काय वाटलं असतं? आणि माझ्या मनात असंही आलं, की इतक्या पिढ्या धुतलं गेलंय ते आणखी पंधरा दिवसांनी काय झिजणार आहे! काकांचा विक्षिप्तपणा आहे झालं. आमच्याकडच्या माणसांना तो काय कळणार? मी पत्र चिकटवलं आणि सकाळी कामावर जाताना पेटीत टाकलं.

आई आली ती रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी. एसटीने रात्रभर बसून आलेली, पण चेहऱ्यावर शीण नव्हता. काकूंनी चहा पुढे केला तर म्हणाली, आधी देवीला बसवू. पाट मांडला, समई लावली. नऊवारीच्या ओच्यातून तिने कुंकवाच्या डबीएवढी पितळी डबी काढली. काका पाटासमोर अवघडून बसले होते. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. भिंग धुऊन पुसून मांडीवर ठेवलं होतं.

आईने डबी उघडली. आत काहीतरी लखलखलं.

मी आईकडे बघितलं. ती आनंदाने फुलून गेली होती. काकांना म्हणाली, "देवी पयल्यांदाच घराभायर पडली. जत्रेक पालखी भायर काढतंत, तेव्हा आदी देवाची रूपां उजाळतंत ना? मगे हिका अशीच मळकी कशी हाडूची? सोनाराकडे गेलंय. समोर बसान उजाळून घेतलंय. कडेन वाकडी झाल्ली, ती पण ठोकून सरळ करून दिल्यान."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. नाणं कडेने उचललं, उजेडाकडे वळवलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. दोन्ही बाजू आरशासारख्या, अक्षरं गेलेली. काका मात्र बघतच राहिले. किती वेळ गेला ते आठवत नाही. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "वेलांटी आहे. श्रीची. आणि कडेला तीन ठिपके."

त्यांनी कपाटातून काटा काढला आणि वजन केलं. असायला हवं त्याहून किंचित कमी भरलं.

"कसो दिसता?" आईने विचारलं. "बरो झालो मा?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ते म्हणाले, "फार छान उजळलंय हो. असं कुणी इतक्या मनापासून करत नाही."

मग ते गॅलरीत गेले. मी मागोमाग गेले. कठड्याला दोन्ही हात टेकून ते खालच्या रस्त्याकडे बघत होते. वळले नाहीत.

"तू लिहिलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मग ठीक आहे. मग तुझ्या आईचा काही दोष नाही. लिहिलेलं वाचलं, पण देवीला तशीच कशी न्यायची, असं वाटलं असणार."

दुसऱ्या दिवशी मंडळाला जाऊ नका, असं काकू दहा वेळा म्हणाल्या. पण काकांनी गेल्या पंधरा दिवसांत येईल त्याला सांगून ठेवलं होतं, होन येतोय म्हणून. "नाही गेलो तर म्हणतील, पुन्हा थाप मारली," काका म्हणाले. आई म्हणाली, देवी जाईल तिथे मी जाणार. अशी आमची वरात घाटकोपरला गेली. काका पुढे, मागे डबी पदराखाली धरलेली आई आणि सगळ्यात मागे मी.

वर्गात वीसेक माणसं असतील. काका पहिल्यांदाच पुढच्या बाकाशी गेले. आईने डबी उघडली. प्रमुख डॉक्टर चांगले गृहस्थ होते, हेही सांगायला हवं. त्यांनी चेष्टा केली नाही. स्वतःचं भिंग लावून बराच वेळ बघितलं, कडही बघितली. म्हणाले, "ओतीव नाहीये. सोनं जुनं आहे. काका, असेलही होन. पण मी तो कशावरून म्हणू?"

"वेलांटी बघा. ठिपके बघा."

"तीन ठिपके कुठल्याही नाण्याला असतात."

"हिने वाचलंय." काकांनी मला पुढे ओढलं. "अक्षरन् अक्षर वाचलंय. मी एक शब्द सुचवला नव्हता."

डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

"सहा," मी म्हणाले.

तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "झकास बटण आहे काका, शेरवानीला लावा." दोघं-तिघं हसले.

आई उठून उभी राहिली. "बटण? देवीक बटण म्हणतास? माझ्या सासूच्या सासूपासून न्हावू घातली हिका आमी!" तिने डॉक्टरांच्या पुढ्यातून नाणं उचललं, पदराने पुसलं आणि डबीत घातलं. काका तिच्याकडे बघत होते. त्यांनी हातही पुढे केला होता, पण मध्येच थांबवला.

बाहेर आल्यावर काका आईपुढे हात जोडून उभे राहिले. "माझ्यामुळे देवीला नको ते ऐकावं लागलं."

"तुमी कित्याक वायट वाटून घेतास?" आई म्हणाली. "देवीक काय होवचा नाय. तुमी आपले डोळे सांबाळा."

संध्याकाळच्या गाडीने आई गेली. काका मंडळाला परत कधी गेले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांची डावी नजर गेली आणि मग हळूहळू उजवी. कपाटातली नाणी एकेक करून कुणाकुणाला देऊन टाकली. किमतीचं विचारलं तर म्हणायचे, "तांबं आहे, घेऊन जा." मी लग्न होऊन बोरिवलीला गेले. दोन-तीन महिन्यांनी एकदा मुलुंडला यायचे. काका खिडकीशी खुर्चीत बसलेले असायचे. माझा आवाज ऐकला की चेहरा उजळायचा.

आणि दर वेळी ते त्याच गोष्टीवर यायचे. पण तक्रार म्हणून नाही. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. "मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नव्हतं," ते म्हणायचे. "निरोप दिला होता. तू लिहिला होतास. त्या माउलीने वाचला होता. तरीसुद्धा तिने उजाळलं, कारण तिला देवी दिसत होती, नाणं नाही. हे व्हायचंच होतं. आपल्याकडे हे असंच होतं, त्याला कुणाचा इलाज नाही." असं म्हणून ते शांत बसायचे. आणि मी चहाचा कप हातात धरून जमिनीकडे बघत राहायचे. आंधळ्या माणसासमोरही मला मान वर करता येत नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर मी गेले तेव्हा ते फार थकलेले दिसले. काकू आत फराळाचं ताट करत होत्या. काका पुन्हा तेच बोलायला लागले आणि म्हणाले, "तुझं मला फार कौतुक आहे. दुसरी एखादी असती तर म्हातारा वेडा आहे म्हणून ते वाक्य गाळलं असतं. तू शब्दन् शब्द लिहिलंस."

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "काका, मी नव्हतं लिहिलं."

"काय?"

"ते वाक्य. धुऊ नये, घासू नये. मी गाळलं होतं. आईला काही ठाऊकच नव्हतं."

मला वाटलं होतं ते रागावतील. खरं सांगायचं तर त्यांनी रागवावं, मला शिव्या द्याव्यात, अशीच माझी इच्छा होती. म्हणजे माझ्या मनातलं चार वर्षांचं ओझं तरी उतरलं असतं. काका रागावले नाहीत. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, आणि दिसत नसलेल्या डोळ्यांनी जणू माझा चेहरा शोधत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ते तसंच आलं असतं. अक्षरांसकट."

"काका..."

"मी बघितलं असतं ते. तेव्हा दिसत होतं मला."

मी पाया पडले तरी त्यांनी हात उचलला नाही. त्यांच्या बोटांनी खुर्चीच्या हाताची कड घट्ट धरली होती. आयुष्यभर चिमूटभर पावडर न सांडता तोललेली बोटं.

काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी दार मागून ओढून घेतलं. मला वाटलं त्यांनी काही ऐकलं नसावं. पण त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"तुझी आई आली होती ना, तेव्हा ओट्यापाशी मी तिला म्हटलं, वहिनी, पत्रात लिहिलं होतं ना घासू नका म्हणून. तर ती घाबरून म्हणाली, माका काय म्हायत? पत्रात तसा काय लिवलेला नाय होता. पत्र तिच्या पिशवीतच होतं. मी वाचलं. मग मीच तिला शपथ घातली, ह्यांना सांगू नका म्हणून."

मी एक पायरी उतरले होते, ती परत वर आले.

"चार वर्षं मी सांभाळलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. तेवढे दिवस तुला नाही का गं सांभाळता आलं?"